आमची नावं दर सहा वर्षांनी पुसू नका : पुणे पदवीधर मतदारसंघाबद्दल एक खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र राज्य
मा. विभागीय आयुक्त, पुणे, म्हणजेच पुणे पदवीधर मतदारसंघाचे मतदार नोंदणी अधिकारी
आणि या मतदारसंघात उमेदवार देणारे सगळे पक्ष

महोदय,

पुणे पदवीधर मतदारसंघ म्हणजे विधान परिषदेची अशी जागा, जिथे फक्त नोंदणी केलेले पदवीधर मत देतात. त्याच्या २०२० च्या मतदार यादीत ४ लाख २६ हजार २५७ नावं होती आणि त्यात माझंही होतं. ती यादी आता रद्द झाली आहे. मी गाव सोडलेलं नाही, माझी पदवी कुणी काढून घेतलेली नाही, मी जिवंत आहे, तरी माझं नाव गेलं, कारण पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाची यादी निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे प्रत्येक निवडणुकीला पहिल्यापासून नव्याने करतात. विधानसभेच्या यादीत एकदा नाव लागलं की ते सहसा राहतं, मेलेल्या माणसाचं नाव काढायला सुद्धा अनेकदा घरच्यांना अर्ज करावा लागतो, आणि इथे जिवंत माणसाला दर सहा वर्षांनी सिद्ध करावं लागतं की बाबा मी पदवीधर आहे, अजूनही आहे. पदवी काही एक्स्पायर होत नाही ना.

मी बार्शीची. एका पतसंस्थेत नोकरी करते. पदवी २००३ ची, शिवाजी विद्यापीठाची, कारण तेव्हा सोलापूरला वेगळं विद्यापीठ व्हायचं होतं. आमच्या घरात या निवडणुकीला नेहमी महत्त्व होतं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यांनी ग. प्र. प्रधानांना मत दिलेलं आणि ते अजूनही अभिमानाने सांगतात. फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवणारे प्रधान सर १९६६ ते १९८४ अशी सलग अठरा वर्षं पुणे पदवीधरमधून विधान परिषदेवर होते, तिथे विरोधी पक्षनेतेही झाले, आणि समाजवादी माणूस, मागे साखर कारखाना नाही की बँक नाही. वडील म्हणतात त्या वेळी प्रचार म्हणजे एक पोस्टकार्ड यायचं आणि कधीतरी वाचनालयात सभा व्हायची. तो काळ परत येणार नाही हे मलाही कळतं. पण या जागेला एक इतिहास आहे आणि तो माहीत असल्याशिवाय आजचा प्रश्न कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

प्रधान सरांच्या नंतर ही जागा भाजपकडे गेली. १९९० ते २००२ अशा दोन टर्म प्रकाश जावडेकर होते. २००२ ला जनता दलाचे प्रा. शरद पाटील निवडून आले, मिरजेचे, म्हणजे पुणे शहराबाहेरचा आणि मोठ्या पक्षांच्या बाहेरचा माणूस इथे जिंकू शकत होता. २००८ ला चंद्रकांतदादा पाटील आले, २०१४ ला पुन्हा तेच. पण २०१४ चा निकाल आठवा, राष्ट्रवादीच्या सारंग पाटलांपेक्षा दादांना फक्त २,३८० मतं जास्त पडली होती, आणि त्याच निवडणुकीत राष्ट्रवादीतून बंडखोरी करून कुंडलचे अरुण लाड उभे होते. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे पाच जिल्हे, विधानसभेच्या ५८ मतदारसंघांचा परिसर, आणि फरक २,३८०. मग २०२० ला तेच अरुण अण्णा राष्ट्रवादीचे अधिकृत उमेदवार झाले आणि भाजपच्या संग्राम देशमुखांना ४८,८२४ मतांनी हरवून आले. १ लाख २२ हजार १४५ विरुद्ध ७३ हजार ३२१. या निवडणुकीत उमेदवारांना १, २, ३ असे पसंतीक्रम देतात, पण दुसऱ्या पसंतीची मतं मोजायची गरजच पडली नाही, जिंकायला लागणारा मतांचा कोटा पहिल्या फेरीतच पार.

आता सहा वर्षांत २,३८० चा निसटता फरक जाऊन उलट बाजूला जवळजवळ पन्नास हजार, हे कसं झालं? महाविकास आघाडीचे तिन्ही पक्ष एकत्र होते, बंडखोरी नव्हती, लोक नाराज होते, ही सगळी कारणं खरी आहेत. पण गावाकडे राहणाऱ्या कुणालाही विचारा, तो आधी एकच गोष्ट सांगेल, नोंदणी कुणी जास्त केली ते बघा. आमच्याकडे पदवीधरची निवडणूक मतदानाच्या दिवशी होतच नाही, ती आदल्या वर्षी फॉर्म भरताना होऊन जाते. ज्याच्याकडे कारखाना आहे, शिक्षण संस्था आहे, दूध संघ आहे, सूतगिरणी आहे, त्याची माणसं घरोघर फिरून पदवीचे झेरॉक्स गोळा करतात, आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याने उभं राहून करायचं काय, त्याचे मतदार यादीतच नाहीत.

मी कुठल्या एका पक्षाला बोलत नाहीये. नागपूर पदवीधरला भाजपचे गंगाधरराव फडणवीस होते, मग १९८९ पासून २०१४ पर्यंत नितीन गडकरी होते, नंतर अनिल सोले, कित्येक दशकांची ती जागा २०२० ला काँग्रेसच्या अभिजित वंजारींनी १८,९१० मतांनी घेतली. औरंगाबादला सतीश चव्हाण २००८ पासून तीनदा निवडून आले. प्रत्येक ठिकाणी जिंकणारा हा आधी नोंदणी करणारा असतो. मी त्यांना दोष देत नाही, नियमच तसा असेल तर कुणीही तेच करणार. दोष नियमाचा आहे आणि नियम बदलता येतो.

आता माझ्या तक्रारी. एकेक सांगते.

पहिली, नोंदणीची मुदत. तुमच्या जाहीर कार्यक्रमाप्रमाणे ३० सप्टेंबर २०२५ ला सूचना निघाली आणि ६ नोव्हेंबरपर्यंत नमुना १८, म्हणजे नोंदणीचा फॉर्म, भरायचा होता. ३० सप्टेंबरला आमच्या जिल्ह्यात काय चालू होतं ते आठवा. सीनेला पूर येऊन गेलेला, माढा, करमाळा, मोहोळकडे घरात चिखल, सोयाबीन सडलेलं, पंचनाम्याच्या रांगा लागलेल्या. त्यात मध्ये दिवाळी. त्या दिवसांत कोण माणूस पेटीतून पदवीचं सर्टिफिकेट शोधून त्यावर गॅझेटेड ऑफिसरची सही घ्यायला फिरणार होता? अनेकांची तर कागदपत्रंच भिजून गेली होती. पूरग्रस्त तालुक्यांसाठी वेगळा कॅम्प लावावा, मुदत वाढवून द्यावी, हे तेव्हाच आपल्या कार्यालयांना सुचायला हवं होतं. अंतिम यादीनंतरही पुरवणी नोंदणी चालू राहते हे नियमात आहे, पण ते सांगणारा एक बोर्ड आमच्या बाजूला मला दिसला नाही. लोकांना वाटतं तारीख गेली म्हणजे संपलं.

दुसरी तक्रार बायकांची आहे आणि ती मी जरा लांबवणार आहे, कारण यावर कुणी बोलत नाही.

माझी पदवी माहेरच्या नावाने आहे. मतदार कार्ड, आधार, पॅन सगळं सासरच्या नावाने. एका कार्यालयात मी अर्ज घेऊन गेले तेव्हा टेबलावरच्या माणसाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, पदवीवरच्या नावावर पेन्सिलने गोल केला, ओळखपत्रावरच्या नावावर गोल केला आणि म्हणाला, मॅडम या दोन वेगळ्या बायका आहेत. गॅझेट आणा नाहीतर मॅरेज सर्टिफिकेट आणा. माझं लग्न झालं तेव्हा आमच्याकडे लग्नाची नोंद करायची पद्धतच नव्हती, पत्रिका आणि फोटो असायचे. गॅझेटमध्ये नाव बदलायचं म्हणजे पैसे आणि वेळ. २०२० ला याच कागदांवर माझं नाव लागलं होतं, तेव्हाच्या कुणीतरी साहेबांनी प्रतिज्ञापत्र चालवून घेतलं होतं, हे सांगितलं तर म्हणाला मागचं मागे. म्हणजे शासनाने एकदा तपासून खरं मानलेली गोष्ट तेच शासन सहा वर्षांनी ओळखत नाही. यादी पुढे चालू ठेवली असती तर हा प्रश्नच आला नसता.

माझ्यासारख्या किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा. तालुक्याच्या कॉलेजात आज वर्गात मुलीच जास्त दिसतात, त्या बीए, बीकॉम, बीएस्सी होतात, लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या जिल्ह्यात जातात, आडनाव बदलतं, पत्ता बदलतो आणि या यादीतून त्या कायमच्या गळतात. सासरी कुणी म्हणत नाही की सूनबाई तुझा पदवीधरचा फॉर्म भरायचाय. कार्यकर्ता येतो तो घरातल्या पुरुषाचा फॉर्म घेऊन जातो. माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या घरी नवरा, दीर आणि सासरे तिघांची नोंदणी झाली आणि ती स्वतः एमकॉम असून तिची राहिली, कारण तिच्या नावाचा घोळ कोण निस्तरणार. एकूण यादीत बायका किती हा आकडा तालुकावार काढून एकदा लोकांपुढे ठेवा, मला जे वाटतंय ते खरं की खोटं ते कळेल.

तिसरी तक्रार नव्या मुलांची. नियम असा की अर्हता दिनांकाच्या, म्हणजे ज्या तारखेला पात्रता मोजतात तिच्या, निदान तीन वर्षं आधी पदवी मिळालेली हवी. या वेळी दिनांक १ नोव्हेंबर २०२५. म्हणजे जो मुलगा जून २०२३ मध्ये पास झाला तो २०२६ च्या निवडणुकीत मत देऊ शकत नाही, आणि पुढची निवडणूक वेळेवर झाली तर २०३२. पदवी घेतल्यावर नऊ वर्षांनी त्याचं पहिलं मत! तोपर्यंत त्याचं स्पर्धा परीक्षेचं वय संपलेलं असेल. सदाशिव पेठेत खोली घेऊन एमपीएससी करणारी पोरं, परीक्षा पुढे ढकलल्या, पेपर फुटले, भरती रखडली म्हणून रस्त्यावर बसणारी पोरं, त्यांचे प्रश्न सभागृहात मांडायला हा आमदार असतो असं प्रत्येक उमेदवार भाषणात सांगतो आणि नेमक्या त्याच पोरांना यादीत जागा नाही. विधानसभा-लोकसभेच्या यादीला आता वर्षातून चार अर्हता दिनांक आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. तिथे जमतं तर इथे का नाही. तीन वर्षांची अट आणि १ नोव्हेंबर ही तारीख दोन्ही कायद्यात आहेत, ती तुम्ही बदलू शकत नाही हे मान्य, पण तारीख मतदानाच्या वर्षभर आधीची धरून तीच शेवटपर्यंत कायम ठेवायची, हे बदलावं अशी शिफारस तरी होऊ शकते की नाही.

चौथी, बाद मतं. २०२० ला पुणे पदवीधरला ६२ उमेदवार होते. मशीन नाही, कागदावर मतदान. ती मतपत्रिका हातात आली तेव्हा टेबलावर उलगडायला जागा पुरेना, कोरोनाचे दिवस, तोंडाला मास्क, हातावर सॅनिटायझर, मागे रांग, आणि त्या लांबलचक कागदावर आपला उमेदवार शोधून समोरच्या चौकोनात तिथल्याच जांभळ्या स्केचपेनने १ लिहायचा. शब्दात एक लिहिलं तर बाद. बरोबरची खूण केली तर बाद. स्वतःच्या पेनने लिहिलं तर बाद. १ नाही आणि नुसता २ आहे तरी बाद. माझ्या पुढे एक रिटायर्ड हेडमास्तर होते, बाहेर येऊन मोठ्या समाधानाने म्हणाले, नीट खूण केली आणि खाली सहीपण केली म्हणजे गडबड नको. आयुष्यभर पोरांचे पेपर तपासलेला माणूस, त्यांचं मत फुकट गेलं आणि ते त्यांना कुणी सांगितलं नाही, मलाही सांगवेना. यात त्यांची चूक नाही, आयुष्यभर शिक्का आणि बटण वापरलेल्या माणसाला सहा वर्षांतून एकदा वेगळी पद्धत दिली आणि समजावलं नाही तर हेच होणार.

हे आमच्याकडेच होतं असंही नाही. २०२३ ला नाशिक पदवीधरला, जिथे सत्यजित तांबे अपक्ष निवडून आले, तिथे १ लाख २९ हजार ६१५ मतांपैकी १२ हजार ९९७ मतं बाद झाली. दहातलं एक मत. सगळे मतदार पदवीधर असताना! लोक लगेच म्हणतात शिकलेल्यांना मत देता येत नाही. मला हे वाक्य ऐकून संताप येतो. दहातला एक जण चुकत असेल तर शिकवणारा कमी पडलाय. मतदान केंद्राबाहेर नमुना मतपत्रिका मोठी करून लावा, आठ दिवस आधी कॉलेजात, तहसीलमध्ये, एसटी स्टँडवर तीच दाखवा, केंद्रात शिरताना एक मिनिट समजावणारा माणूस बसवा. आणि मतं बाद का झाली, किती खुणेमुळे, किती सहीमुळे, किती कोरी, हे मोजणीनंतर कारणावार जाहीर करा. बालेवाडीला दोन दोन दिवस मोजणी चालते, प्रत्येक बाद मत अधिकारी डोळ्याने बघून बाजूला ठेवतात, म्हणजे माहिती तुमच्या हातात असतेच.

पाचवी, सुट्टी. सरकारी नोकरांना मतदानाच्या दिवशी विशेष नैमित्तिक रजा मिळते. खासगीतल्यांना मतदानासाठी पगारी सुट्टी देणारं कायद्याचं कलम फक्त लोकसभा आणि विधानसभेसाठी आहे, विधान परिषद त्यात नाही. मग हिंजवडीत, चाकणला, गोकुळ शिरगावला कामाला असलेला पदवीधर कामाच्या वारी मत द्यायला कसा येणार? २०२० ला मतदान १ डिसेंबरला होतं, मंगळवार. पदवीधरला ५८ टक्के मतदान झालं आणि त्याच दिवशी त्याच पाच जिल्ह्यांत शिक्षक मतदारसंघात ७३ टक्के. शिक्षक जास्त जागरूक आहेत एवढंच कारण नाही त्याला. शिक्षकांना रजा आहे, संस्थेचे प्रमुख सगळ्या स्टाफचे अर्ज एकत्र पाठवू शकतात, मतदानाची आठवण करून द्यायला स्टाफरूम आहे. कंपनीत काम करणाऱ्या किंवा गावात शेती बघणाऱ्या पदवीधराला यातलं काय आहे? शेती करणारे पदवीधर तर कुणाच्या हिशेबातच नसतात.

सहावी, खर्च. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा आहे, परिषदेच्या या निवडणुकीत तशी मर्यादाच नाही. पाच जिल्ह्यांचा मतदारसंघ आणि खर्चाला लगाम नाही, मग प्रधान सरांसारखा एखादा प्राध्यापक आज उभा राहील का, आणि राहिला तरी त्याचं पत्रक करमाळ्यापासून चंदगडपर्यंत पोचेल का. याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे.

आणि सातवी तक्रार, जिच्यामुळे मी हे पत्र लिहायला बसले. नाव पुन्हा लावायच्या खटपटीत असताना मला वाटलं या जागेचा सगळा निवडणूक इतिहास एकदा वाचावा. लोकसभा-विधानसभेचे निकाल १९५१ पासून आयोगाच्या वेबसाइटवर मिळतात, कुठल्याही मतदारसंघात कुणाला किती मतं पडली, किती टक्के मतदान झालं, सगळं. पुणे पदवीधरचं तसं सलग काही माझ्या हाताला लागलं नाही. जुन्या पेपरची कात्रणं, कुणाच्या तरी आठवणी, गौरवग्रंथातला एखादा परिच्छेद, यावर जोडून जोडून मी वर लिहिलं तेवढं जमवलं. १९६६ ला प्रधान सर जिंकले तेव्हा यादीत किती पदवीधर होते, मतदान किती झालं, दुसऱ्या पसंतीवर निकाल गेला का, २००२ ला शरद पाटील कोणत्या फेरीत पुढे गेले, हे आज सामान्य माणसाने कुठे बघायचं? मतपत्रिका मिसळून मोजतात म्हणून गावागावाची मतं कळणार नाहीत हे मला माहीत आहे आणि ते गुप्ततेसाठी योग्यच आहे. पण तालुकावार नोंदणी किती, मतदान किती, एकूण बाद किती, कोण कितव्या फेरीत बाहेर गेलं आणि त्याची मतं कुणाकडे वळली, हे तर सांगता येतं. ते समोर नसल्यामुळे प्रत्येक पक्ष आपापली गोष्ट सांगतो, हा आमचा बालेकिल्ला, तो त्यांचा गड, आणि खोडून काढायला कुणाकडे कागद नसतो. राज्यशास्त्राच्या मुलांना यावर प्रोजेक्ट करायचा म्हटलं तरी करता येणार नाही.

या जागेच्या बाबतीत अजून एक गोष्ट लोक विसरलेत म्हणून लिहिते. ऑक्टोबर २०१९ मध्ये चंद्रकांतदादा कोथरूडमधून विधानसभेवर गेले, टर्म वर्षापेक्षा कमी उरली होती म्हणून पोटनिवडणूक झाली नाही, मुदत संपली जुलै २०२० मध्ये, तेव्हा कोरोना, आणि मतदान झालं डिसेंबरमध्ये. वर्षाहून जास्त काळ पाच जिल्ह्यांच्या पदवीधरांना आमदारच नव्हता. कोरोनाला कुणी काय करणार, पण त्या काळात परीक्षा घ्यायच्या की नाही, अंतिम वर्षाच्या मुलांना पदवी कशी द्यायची हा अख्ख्या महाराष्ट्रात वाद पेटला होता आणि नेमका आमचा आवाज सभागृहात नव्हता. पक्षांना माझी विनंती आहे, ही जागा विधानसभेला जायची पायरी म्हणून वापरू नका. सहा वर्षं राहणार असेल त्यालाच तिकीट द्या आणि ते जाहीरपणे वदवून घ्या.

काही जण म्हणतील विधान परिषदच कशाला हवी, देशात फक्त सहा राज्यांत उरली आहे, बंद करा. त्यावर वाद होऊ शकतो. पण जोपर्यंत आहे, घटनेच्या कलम १७१ ने पदवीधरांना बारावा हिस्सा दिला आहे, ७८ पैकी ७ जागा, तोपर्यंत त्या जागांचं मतदान नीट व्हावं एवढं तर मागू शकतो.

मागण्या स्पष्ट लिहिते.

एकदा तपासून लावलेलं नाव पुढच्या निवडणुकीला कायम ठेवावं, मृत्यू आणि स्थलांतर एवढ्याच कारणाने काढावं. यादी नव्याने करण्याचा निर्णय केंद्रीय आयोगाचा आहे हे मला कळतं, पण राज्यातून लेखी शिफारस जाऊ शकते, ती पाठवा आणि पाठवल्याचं सांगा.

या निवडणुकीपुरतं, २०२० च्या यादीतल्या ज्यांचं नाव नव्या यादीत नाही त्यांना एसएमएस किंवा पत्राने कळवा की पुरवणी नोंदणी चालू आहे. मोबाइल नंबर आम्ही फॉर्ममध्ये दिलेले होते.

लग्नानंतर नाव बदललेल्या बाईकडून स्वघोषणापत्र आणि घरातल्या कुठल्याही एका सरकारी कागदावर काम भागावं, आणि हे सगळ्या तहसीलला लेखी कळवावं म्हणजे टेबल बदललं की नियम बदलणार नाही.

पूर आलेल्या तालुक्यांत मंडल स्तरावर नोंदणीचे कॅम्प घ्यावेत, साक्षांकन करणारा अधिकारी तिथेच बसवावा. पदवी वाहून गेली असेल तर विद्यापीठाकडून थेट पडताळणी मागवावी.

खासगी आस्थापनांना मतदानाच्या दिवशी निदान दोन-तीन तासांची सवलत द्यायचे आदेश राज्य सरकारने काढावेत. खर्चमर्यादेचा प्रस्ताव आयोगाकडे जावा.

बाद मतांची कारणं मोजणीनंतर जाहीर करावीत.

आणि पुणे पदवीधरचे पहिल्यापासूनचे सगळे निकाल, फेऱ्यांसकट, एका ठिकाणी मराठीत, कुणालाही बघता येतील असे ठेवावेत. कागद तुमच्याच दप्तरात कुठेतरी असणार.

अरुण लाडांची मुदत ६ डिसेंबर २०२६ ला संपते. उमेदवारी अर्जांची तारीख त्याआधी लागेल आणि त्या दिवशी पुरवणी नोंदणीही बंद होईल, म्हणून उत्तर त्याच्या आत हवं आहे. माझा अर्ज अजून नावातल्या फरकापायी अडकलेला आहे, पोच माझ्याकडे आहे. तो नाकारायचा असेल तर कारण लिहून नाकारा, मी अपील करेन.

आपली,
एक पदवीधर मतदार
बार्शी, जि. सोलापूर